सोमवारी देवी, मंगळवारी तू

माय, तू गेलीस त्याला आज चौदा दिवस झाले आणि माझा राग अजून उतरलेला नाही. रडून झालं, पोटभर झालं, पण रडता रडता मधेच दात आवळले जातात. परवा तुझी पातळं घडी करायला बसले आणि एक पातळ फाडलं. सरळ टरकावलं, या काठापासून त्या काठापर्यंत, आणि मग तसेच दोन तुकडे मांडीवर घेऊन बसले. तू असतीस तर म्हणाली असतीस, "फाडनंच व्हतं तं जुनं फाडती, हाई नवं व्हतं." आणि वर पाठीत एक धपाटा.

माझं तुझ्याशी एकच भांडण होतं, सोळा वर्षं चाललेलं. कानबाईच्या सोमवारी आबांना बडवणारा हात कुणाचा होता, तुझा की देवीचा? मी म्हणायचे तुझा. तू आधी म्हणायचीस तिचा, मग म्हणायला लागलीस चूप बस, आणि शेवटी शेवटी तर तेही म्हणेनाशी झालीस. दवाखान्यात तुझ्या कानाशी वाकून मी पुन्हा तेच विचारलं. आता सांगायलाही लाज वाटते, मरायला टेकलेल्या बाईला कुणी असं विचारतं का. तू डोळे उघडलेस, माझ्याकडे नीट पाहिलंस आणि पाणी मागितलंस.

सुरतेत बमरोलीतल्या आपल्या खोलीचं नाव काढलं की मला आधी ती दाराशेजारची भिंत आठवते. खांद्याच्या जरा वर एका जागी पोपडा पडला होता, तुझ्या डोक्याने पडलेला. तू तिथे कॅलेंडर टांगलंस, आणि वर्ष संपलं की त्याच खिळ्याला नवं. आबा संचेखात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, कारागीर. दिवसभर त्या यंत्रांच्या खडखडाटात उभं राहून त्यांचे कान गेलेले, त्यामुळे घरातही ते ओरडूनच बोलायचे. मारायच्या आधी मात्र गप्प व्हायचे. मग पट्टा, नाहीतर वहाण, नाहीतर नुसता हात. भात मऊ झाला म्हणून, भात फडफडीत झाला म्हणून, तू वर पाहिलंस म्हणून, वर पाहिलं नाहीस म्हणून.

तू ओरडायची नाहीस, याचा मला फार राग यायचा. मार खाऊन झाला की तू तोंड धुवायचीस आणि साड्यांचा ढीग पुढे ओढून बसायचीस. खात्यातून आलेल्या साड्यांवरचे लोंबते धागे त्या इवल्या कात्रीने कापायचे, हे आपल्या गल्लीतल्या सगळ्याच बायकांचं घरबसल्याचं काम. गाल सुजलेला, एक डोळा मिटलेला, आणि बोटं कट कट कट. एकही साडी कधी चुकून कापली गेली नाही. मी मनात म्हणायचे, ही बाई माणूस आहे की दगड?

आणि मग श्रावण यायचा.

आपल्या खान्देशातल्या माणसांनी सुरतेला येताना गाव सोडलं पण कानबाई सोडली नाही. नागपंचमीनंतरच्या रविवारी चौरंगावर नारळाची देवी मांडायची, तिला नथ घालायची, लुगडं नेसवायचं. नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, रोटांसाठी, गहू घ्यायचे ते घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. तुझ्या-माझ्या नावाने काही नाही, आपण फक्त दळायचं, लाटायचं आणि भाजायचं. आणि सोमवारी सकाळी वाजंत्री दाराशी आली की देवी डोक्यावर घेऊन तापीवर बोळवायला निघायचं.

त्या सोमवारी मी नऊ वर्षांची होते. बाहेर वाजंत्री सुरू झाली, शेवंता काकू चौरंगाला हात लावणार, तेवढ्यात तू घुमायला लागलीस. शेवंता काकू म्हणजे आबांच्या धाकट्या भावाची बायको, कडोदर्‍याहून दर वर्षी सणाला येणारी. देवी अंगात आली हे तिनेच आधी ओळखलं, "उनी, माय उनी." तुझा अंबाडा सुटला. तू सरळ आबांपुढे गेलीस, त्यांचे केस मुठीत धरलेस आणि त्यांचं डोकं उंबर्‍यावर आपटलंस. एकदा नाही. मग तोंडात मारलंस, उलट्या हाताने, बांगड्या फुटून त्यांच्या गालात शिरेपर्यंत. "बाईवर हात उचलस? बोल, उचलस?" तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. आख्खी गल्ली हात जोडून उभी. काकू तुझ्या पायांवर हळदीकुंकू घालत होती, आणि आबा, माझे आबा, जमिनीला नाक लावून म्हणत होते, "चुकनं माय, चुकनं."

मला भीती वाटली नाही. मला आनंद झाला. इतका, की मला ओकारी आली. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं.

नंतर तू कोसळलीस, काकूने तोंडावर पाणी मारलं आणि तू विचारलंस, "काय व्हयनं?" दुसर्‍या दिवशी आबा गालावरचे वळ घेऊन खात्यात गेले आणि सगळ्यांना मिरवून दाखवले, आमच्या घरची कानबाई जागृत आहे म्हणून. घरी आले, जेवले, आणि मंगळवारच्या दुपारी तुला पट्ट्याने झोडपलं. भाजीत मीठ कमी होतं.

हे दर वर्षी. दुसर्‍यांची पोरं दिवाळीची वाट बघायची, मी त्या सोमवारची बघायचे. एका वर्षी तू त्यांचा दात पाडलास. एका वर्षी छातीवर पाय ठेवून उभी राहिलीस, ते निळे पडले तरी काकूच्या तोंडून चकार शब्द नाही. देवीला कोण अडवणार? आणि दर मंगळवारी तू पुन्हा इंदुबाई, खाली मान, कात्री, कट कट कट.

मग मी शिकले. तुझ्याच हट्टाने शिकले, आबांचा पट्टा माझ्या कॉलेजच्या फीच्या वेळीही तूच खाल्लास. एम.ए.ला मानसशास्त्र घेतलं, आणि तिथे आमच्या सरांनी पुस्तक उघडून, फळ्यावर एक वर्तुळ काढून सांगितलं की माणूस चारचौघांसाठी एक मुखवटा घालतो आणि त्या मुखवट्यात जे मावत नाही ते मागे ढकलतो. तीच त्याची सावली. ती मरत नाही. अंधारात वाढते आणि मग त्याला ती बाहेर दिसायला लागते, भूत म्हणून, वैरी म्हणून, कधी देव म्हणून. ज्या दिवशी माणूस तिच्याकडे बघून म्हणतो की ही माझीच, त्या दिवसापासून तो खरा 'स्वतः' व्हायला लागतो. माय, मला वाटलं हे पुस्तक तुझ्यावरच लिहिलंय. बसमधून उतरले ती घरापर्यंत जवळजवळ पळतच आले.

तू धागे कापत होतीस. मी चप्पलसुद्धा काढली नाही.

"माय, देवी येत नाही. ती तूच असतेस."

"काय बरळस?"

"वर्षभर जो राग गिळतेस ना, तोच सोमवारी बाहेर येतो. तुझा राग. तुझा हात. देवीबिवी कुणी नाही."

तू कात्री थांबवली नाहीस. "ती येस तव्हा माले काई याद र्‍हात नही."

"राहतं. खोटं बोलू नकोस."

"मंग मी नवराले मारनारी बाई झाऊ." आता थांबलीस. "सांग ना. देवीनं मारं तं प्रसाद. मी मारं तं पाप. तुले मी पापीन पाहिजे का?"

"मला तू खरी पाहिजेस."

"आनि मी मारू शकस, तं बाकीना सालभर मार कसाले खास? सांग. तुना पुस्तकमा काय लिखेल शे?"

मी मोठ्याने बोलायला लागले, आबांसारखी. मी म्हटलं तू भित्री आहेस. मी म्हटलं एक दिवस देवीच्या पदराआड लपून मारायचं आणि बाकीचे दिवस कुत्र्यासारखं लाथा खायच्या, याला जगणं म्हणत नाहीत. हे मी म्हटलं, तुझ्या पोटच्या पोरीने, तेवीस वर्षांच्या, वर्षभरात दीड पुस्तक वाचलेल्या. आणि तू कात्री फेकलीस. ती माझ्या डाव्या पायाच्या पंजात रुतली. तू धावत आलीस, पदर फाडून बांधलास, रडत होतीस, आणि मी रक्त बघत होते आणि दात विचकून म्हणत होते, "आत्ता कुणी फेकली? आत्ता कोण आलं होतं?"

तू नुसतं म्हणालीस, "चूप बस."

त्या श्रावणात तू रोटांसाठी गहू काढत होतीस. आबांच्या नावाने सव्वा मूठ घेतलीस, काकांच्या, त्यांच्या मुलांच्या. काकू शेजारी बसून बघत होती. मग तू आणखी सव्वा मूठ सुपात टाकलीस.

"हाई कोना नावनी?" काकूने विचारलं.

"मन्हा नावनी."

काकूला वाटलं तू थट्टा करतेस. मग तुझं तोंड बघून तिला कळलं, आणि तिने सूप ओढलं, तू ते धरून ठेवलंस. गहू सांडले. तू एकेक दाणा वेचून पुन्हा सुपात टाकलास. त्या पिठाचे रोट तू एकटीने खाल्लेस, बाकीच्यांनी वेगळा स्वयंपाक केला. मी मागच्या दाराशी उभी होते आणि माझी छाती अभिमानाने भरून आली होती. मला वाटत होतं बघा, माझी आई माणूस झाली. मूर्ख मी. तू एकेक घास पाण्याबरोबर ढकलत होतीस ते मला दिसत होतं, पण मी त्याचाही अर्थ पुस्तकातूनच लावला.

सोमवारी वाजंत्री आली. वाजवून वाजवून त्यांचे गाल दुखले, पण तू घुमली नाहीस. चौरंगाशेजारी नुसती उभी राहिलीस, कोरड्या डोळ्यांनी, हात लोंबकळत. आबा तुझ्यासमोर येऊन थांबले, मान खाली घालून. माय, तो माणूस मार खायला आला होता आणि मारणारं कुणी नव्हतं. शेवटी काकू म्हणाली, देवी विटाळली, आणि चौरंग उचलून सगळे निघाले.

दुसर्‍या दिवशी, मंगळवारी, तू आबांचं उजवं मनगट मोडलंस. तेवढंच इथे लिहिते. बाकीचं लिहायला अजून हात धजत नाही.

मनगट वाकडं बसलं. त्या हाताने पुन्हा संच्यावरचा तुटलेला धागा बांधता येईना, आबांचं काम सुटलं, आणि ते काकांकडे कडोदर्‍याला राहायला गेले ते कायमचेच. भाऊबंदांनी तुला सणावारी बोलावणं बंद केलं. दात पाडला, छातीवर उभी राहिलीस तेव्हा पायावर हळदीकुंकू घालणार्‍या त्याच बायका आता तुला बघून दार लोटून घ्यायच्या. तुझा गुन्हा एवढाच की तुझा वार चुकला, सोमवारऐवजी मंगळवार.

त्यानंतरची तू. काय सांगू लोकांना तुझ्याबद्दल? की शहाणी, शांत, पूर्ण झालीस? पुस्तकात तसं लिहिलं होतं. प्रत्यक्षात तू एक नंबरची भांडकुदळ झालीस. नळावर दोघींच्या झिंज्या धरल्यास. रिक्षात एका माणसाने शेजारच्या मुलीला कोपर लावलं तर तू त्याचं ते कोपर असं मुरगळलंस की तो गुजरातीत आईला हाका मारायला लागला. हसायला लागलीस तर भिंतीपलीकडे ऐकू जायचं. आंबे आणलेस की चांगला आंबा आधी स्वतःच्या ताटात. भिंतीवरचं कॅलेंडर काढून टाकलंस आणि तो पोपडा तसाच उघडा ठेवलास, येणार्‍या-जाणार्‍याला दिसेल असा. मला त्यावरून लाजल्यासारखं व्हायचं. तू म्हणायचीस, "मन्हं डोकं, मन्ही भिंत."

मी शिकवायला लागले तेव्हा तू एकदा माझ्या कॉलेजात आलीस, आठवतं? कामरेजच्या पुढे, दोन बस बदलून. शेवटच्या बाकावर बसलीस, पिशवी मांडीवर घेऊन. मी मुलांना सावली शिकवत होते, तेच वर्तुळ काढून. शंका विचारा म्हटलं तर तुझा हात वर. पोरं वळून बघायला लागली.

"ती सावली, तिले जेवाले कोन वाढस?"

पोरं हसली. मी घाईघाईने काहीतरी बोलले, मनाची ऊर्जा, दडपण, वगैरे. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "नही माहीत तं नही म्हन ना." तेव्हा पोरं आणखी हसली, आणि मीही हसले, पण घरी येईपर्यंत तुझ्याशी बोलले नाही. इतकी वर्षं शिकवतेय, एवढा सरळ प्रश्न मला कुणी विचारलेला नाही.

आणि दर श्रावणात तो सोमवार. तू सकाळीच दार आतून लावून घ्यायचीस. बाहेरून वाजंत्री जायची, एकामागून एक देव्या तापीकडे निघालेल्या, आणि तू भिंतीला पाठ लावून बसायचीस, गुडघे पोटाशी घेऊन. एकदा मी म्हटलं, माय, आता तुला तिची गरज नाही, आता तू पूर्ण झालीस. तू उठलीस आणि माझ्या मुस्काटात मारलीस. ओठ फुटला माझा.

"ती ये ना, तं मी एकली नव्हतू. तू माले एकली करी टाकं."

एवढंच बोललीस. मी ओठ पुसला, आणि तेव्हाही मनात लिहून घेतलं की राग व्यक्त करते आहे, चांगली खूण आहे. माझंच थोबाड फोडावंसं वाटतं आता.

कारण मी पुस्तक पुरतं वाचलंच नव्हतं, माय. सावलीचं प्रकरण वाचलं आणि धावत घरी आले. पुढची प्रकरणं फार नंतर वाचली. तिथे लिहिलंय की माणसाच्या आत जे काही राहतं ते सगळंच त्याचं नसतं. काही त्याच्याहून मोठं असतं, जुनं असतं, आणि त्याला 'मीच' म्हणून गिळायला गेलं तर माणूस फुगतो किंवा फाटतो. त्याच्याशी बोलायचं असतं, त्याला बसायला पाट द्यायचा असतो. तू ते करतच होतीस. चौरंग मांडून, नथ घालून, वर्षातून एकदा. मी येऊन चौरंग लाथाडला. हे मला कळलं तेव्हा तुला सांगायला हवं होतं, पण हरले असं म्हणायची माझ्यात धमक नव्हती, तुझीच पोर.

तरी मी उपकार विसरलेले नाही. त्या मंगळवारनंतर आपल्या घरात कुणी कुणाला पट्ट्याने मारलं नाही. मी माझ्या संसारात कुणाचा मार खाल्लेला नाही, कुणाची छातीच झाली नाही, सगळ्यांना माहीत होतं मी कुणाची पोर आहे. माझ्या मुलीला मार म्हणजे काय हे फक्त तुझे धपाटे म्हणून माहीत आहे. तू मला पुष्कळ काही दिलंस आणि त्याची किंमत तू एकटीने, दार लावून, भिंतीला टेकून भरलीस.

काल तुझं तेरावं झालं. आबा आले होते. थकलेत, एका कानाने आता काहीच ऐकू येत नाही. काकू सगळ्यांना सांगत होती की इंदुबाई साक्षात देवीच होती, चांदीचा टाक करून देव्हार्‍यात बसवा. ज्या बाईला सोळा वर्षं उंबरा ओलांडू दिला नाही तिला आता देव्हार्‍यात बसवायला निघालेत. मी काही बोलायच्या आत आबांनी मला खुणेने बाहेर बोलावलं. ओट्यावर बसलो. ते ओरडूनच बोलले, नेहमीसारखं.

"देवी नव्हती ती."

मी त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला सरकून बसले.

"सोमवारे मारे ना, तव्हा तिना डोया मन्हावर र्‍हायेत. वयखू येत. बायकोना डोया व्हतात ते. माले पहिला सालपाइन माहीत व्हतं."

"मग पाया का पडायचात?"

"मंग काय करतू? बायकोना हातना मार खातू? देवीना खायी लिन्हा." ते वाकड्या मनगटावरून हात फिरवत राहिले. "तिले बी माहीत व्हतं, माले माहीत शे म्हनीसन. एक दिवस ती मारे. मी खाये. तू मधमा उनी. तूच सांगं ना तिले? मंग हाऊ हात तू मोडा."

म्हणजे तुला माहीत होतं, आबांना माहीत होतं, बहुतेक काकूलाही माहीत होतं. गल्लीत एकटी मीच होते जिला ते शोधून काढावं लागलं. त्या बदमाश माणसाला वर्षातला एक दिवस मान्य होता आणि तेवढ्यावर त्याने बाकीचं वर्ष विकत घेतलं होतं. मला त्याचा गळा धरावासा वाटला. माझी बोटं खरंच वळली होती. पण तो शेवटी जे म्हणाला, हा हात तू मोडलास, ते खरं होतं, आणि किती खरं आहे ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

तो मंगळवार आता लिहिते. मी चुलीशेजारी खलबत्त्यात शेंगदाण्याचा कूट करत होते. आबा घरात आले आणि गप्प झाले. मग पट्टा. पहिला फटका पाठीवर, दुसरा मानेवर, तिसरा तोंडावर. तू भिंतीला लागलीस, आणि आपला डावा हात माझ्या बाजूला लांब केलास. माझ्याकडे पाहिलंही नाहीस. सगळ्यांना नंतर तू सांगितलंस, "पोरना हातमधून बत्ता मी हिसकी लिन्हा." मीही मान डोलावली, आणि सोळा वर्षं डोलावत राहिले. तू हिसकावला नव्हतास, माय. मी दिला. धरायची बाजू तुझ्याकडे करून दिला. तू तो उजव्या हातात घेतलास. मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज आला, आबा खाली बसले, तू बत्ता पुन्हा उचललास, या वेळी त्यांच्या डोक्यावर, आणि मी तोंड उघडलं नाही. मला तो खाली यायला हवा होता. नऊ वर्षांची असल्यापासून हवा होता. तू वरच्या वर हात थांबवलास. कुणी सांगितलं नव्हतं, देवीने नाही आणि मी तर नाहीच. तू थांबलीस आणि बत्ता परातीत ठेवून दिलास.

एवढा सगळा वेळ मी तुला छळत राहिले, हात कुणाचा, हात कुणाचा, म्हणजे माझ्या हाताकडे कुणी बघू नये.

काल आबांना म्हटलं, "हो, मी मोडला. बत्ता मी दिला होता." ओरडून सांगितलं, त्यांना ऐकू यावं म्हणून, त्यामुळे आत काकूने ऐकलं, जेवायला बसलेल्यांनी ऐकलं, माझ्या मुलीने ऐकलं. आबांनी बराच वेळ माझ्या डोळ्यांकडे पाहिलं. मग चपला शोधून घातल्या आणि जेवण न करता निघून गेले. माझ्यापुढे कुणी हात जोडले नाहीत.